फुकट कोर्समध्ये नेमकं फुकट काय असतं?

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांच्या यादीत प्रत्येक विषयापुढे तीन आकडे असतात. लिनिअर अल्जिब्रापुढे, म्हणजे त्यांच्या भाषेत १८.०६ पुढे, ४-०-८ असं लिहिलेलं आहे. आठवड्याला चार तास वर्गात, शून्य तास प्रयोगशाळेत आणि आठ तास आपलं आपण बसून गणितं सोडवायची, असा त्याचा अर्थ. याच विषयाची गिल्बर्ट स्ट्रँग यांची लेक्चर्स इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येतात आणि ती लाखो लोकांनी बघितली आहेत. पण सगळी लेक्चर्स मन लावून बघितली तरी हिशेबाने कोर्सचा एक तृतीयांशच भाग झाला. उरलेले आठ तास व्हिडिओत नसतात. फुकट कोर्समधून एखाद्याला भरपूर मिळतं आणि दुसऱ्याला काहीच हाती लागत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा या आठ तासांत सापडतं.

आधी ‘फुकट’ म्हणजे काय ते बघू, कारण इथेच पहिला घोळ होतो.

विद्यापीठाच्या शिक्षणात चार गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. शिकवणं आणि अभ्याससाहित्य ही पहिली. सराव करून घेणं आणि चुका दाखवणं ही दुसरी. हे काम याच माणसाने केलं याची खात्री, म्हणजे परीक्षा आणि सर्टिफिकेट, ही तिसरी. चौथी म्हणजे त्या सर्टिफिकेटला बाहेर असलेली मान्यता: क्रेडिट (डिग्रीत धरले जाणारे गुणांक), डिग्री, नोकरीसाठीची पात्रता. इंटरनेटने यातली पहिली गोष्ट जवळजवळ पूर्ण फुकट केली. दुसरी अर्धीमुर्धी. तिसरीला साधारणपणे पैसे पडतात आणि चौथी तर मोजक्याच ठिकाणी मिळते.

एमआयटीने २००१ मध्ये ओपनकोर्सवेअरची, म्हणजे आपल्या कोर्सेसचं साहित्य इंटरनेटवर खुलं ठेवण्याच्या उपक्रमाची, घोषणा केली, तेव्हा देऊ केली होती ती पहिलीच गोष्ट. आज तिथे अडीच हजारांहून जास्त कोर्सेसचं साहित्य आहे. नाव नोंदवायचं नाही, तारखा नाहीत, सर्टिफिकेट नाही. मात्र बऱ्याच कोर्सेसमध्ये प्रॉब्लेम सेट (सरावाच्या प्रश्नांचे संच), जुन्या परीक्षा आणि त्यांची उत्तरं आहेत, आणि स्वतः अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीने व्हिडिओपेक्षा मोलाची गोष्ट तीच. ओपन येल कोर्सेस हा २००७ चा उपक्रमही याच जातीचा.

दुसरा प्रकार ज्याला मूक (MOOC, म्हणजे ‘मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स’) म्हणतात तो. २०११ च्या शरद सत्रात स्टॅनफर्डचा आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा कोर्स सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी सगळ्यांना खुला केला आणि सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव घातलं. पुढच्याच वर्षी कोर्सेरा, युडॅसिटी आणि एडेक्स या असे कोर्स देणाऱ्या साइट, म्हणजे प्लॅटफॉर्म, उभ्या राहिल्या. या कोर्सेसना आठवडे असतात, क्विझ असतात, चर्चेची जागा असते. सुरुवातीला यातलं बरंच काही फुकट होतं. पण सर्व्हर, व्हिडिओ, माणसं यांचा खर्च कुठून तरी काढावा लागतो, म्हणून हळूहळू एकेक भाग पैशांच्या दाराआड गेला. एडेक्स तर हार्वर्ड आणि एमआयटीने २०२१ मध्ये टूयू या कंपनीला ८० कोटी डॉलरना विकली. त्यामुळे ‘अमुक प्लॅटफॉर्मवर सगळं फुकट आहे’ असं सांगणारा जुना लेख किंवा व्हिडिओ दिसला, तर त्याची तारीख आधी बघावी.

तिसरा प्रकार विद्यापीठ स्वतःच चालवतं तो. हार्वर्डच्या सीएस५० या कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या कोर्सचं उदाहरण घ्या. त्यांच्या स्वतःच्या साइटवर सगळे प्रॉब्लेम सेट आणि शेवटचा प्रोजेक्ट नीट पूर्ण केला की त्यांचं साधं सर्टिफिकेट फुकट मिळतं; ओळख पडताळलेलं हवं असेल तर एडेक्सवर पैसे भरायचे. हेलसिंकी विद्यापीठाचा २०१८ पासूनचा ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ हा कोर्सही सर्टिफिकेटसकट फुकट आहे. लोक मोठ्या प्लॅटफॉर्मवर शोधतात आणि हे दार त्यांच्या नजरेतून सुटतं.

प्लॅटफॉर्मवरच्या कोर्सला नाव घालण्याआधी दहा मिनिटं काढून चार गोष्टी तपासाव्यात. फुकट पर्यायाला बहुधा ‘ऑडिट’ किंवा ‘प्रिव्ह्यू’ म्हणतात आणि तो मोठ्या रंगीत बटणात नसतो, खाली बारीक अक्षरात असतो. ‘फ्री ट्रायल’ म्हणजे ऑडिट नव्हे. ट्रायलला कार्डाचा नंबर द्यावा लागतो आणि मुदतीत रद्द केलं नाही तर पैसे कापले जातात.  मग बघायचं की फुकट पर्यायात गुण मिळणाऱ्या असाइनमेंट उघडतात का, की नुसते व्हिडिओ. काही कोर्सेसमध्ये आता फक्त पहिला भागच फुकट असतो. तिसरं, प्रवेश किती दिवस राहतो. एडेक्सवर अनेक कोर्सेसचा ऑडिट प्रवेश ठरावीक आठवड्यांनी बंद होतो, म्हणून नोट्स आणि सोडवलेलं काम रोजच्या रोज आपल्याकडे ठेवावं. चौथं, कोर्स ‘आर्काइव्ह’ झालेला आहे का. तसा असेल तर व्हिडिओ दिसतील, पण असाइनमेंट तपासणारं आणि प्रश्नाला उत्तर देणारं कोणी नसेल.

आता त्या बदनाम आकड्याकडे वळू. फुकट कोर्स पुरे करणारे लोक शंभरात पाच-दहाच असतात, असं सगळीकडे ऐकू येतं. जस्टिन रीच आणि होसे रुईपेरेझ-व्हॅलिएंते यांनी एमआयटी आणि हार्वर्डच्या एडेक्सवरच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापले. त्यांचा आकडा तर याहून खाली आहे: २०१७-१८ मध्ये ३.१३ टक्के. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. नाव घालणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी कोर्सचं पानसुद्धा कधी उघडलं नव्हतं. नाव घालायला काहीच लागत नाही, म्हणून लोक ‘बघू कधीतरी’ म्हणत नाव घालून ठेवतात. त्यांना नापासांत धरायचं असेल तर ग्रंथालयात पुस्तक नुसतं चाळून परत ठेवणाऱ्यालाही नापास म्हणावं लागेल. ज्यांनी पैसे भरून ओळख पडताळून घेतली होती, त्यांच्यात त्याच वर्षी पूर्ण करणारे ४६ टक्के होते. यावरून ‘पैसे भरा म्हणजे पूर्ण होईल’ असं काही प्लॅटफॉर्म सुचवतात. ते तितकंसं खरं नाही. ज्याचं मन आधीच पक्कं आहे तोच पैसे भरतो, त्यामुळे आकड्यातला किती भाग पैशांचा आणि किती निश्चयाचा हे वेगळं काढता येत नाही. रीच यांच्याच २०१४ च्या एका पाहणीत, सुरुवातीलाच ‘मी हा कोर्स पूर्ण करणार’ असं सांगणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांनी सर्टिफिकेट मिळवलं आणि नुसते चाळायला आलेल्यांपैकी ६ टक्क्यांनी. निश्चय असूनही चारापैकी तीन जण गळाले. ते का गळाले, हा खरा कामाचा प्रश्न.

गळती बरीचशी पहिल्या काही आठवड्यांतच होते. पहिला आठवडा मुद्दाम सोपा ठेवलेला असतो. सीएस५० मध्ये पहिल्या आठवड्यात स्क्रॅच या मुलांनाही जमेल अशा प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले रंगीत ठोकळे जोडायचे असतात. दुसऱ्या आठवड्यात एकदम सी भाषा येते आणि अर्धविराम राहिला तरी प्रोग्रॅम चालत नाही. म्हणून कोर्स निवडताना पहिलं लेक्चर बघून निर्णय घेऊ नये. ते सगळ्यांनाच आवडतं. सरळ तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्याची असाइनमेंट उघडावी आणि प्रश्न वाचावा. सोडवता आला नाही तरी चालेल, कारण तो शिकायलाच तर यायचं आहे. पण प्रश्नात काय विचारलंय तेच कळत नसेल, त्यातले निम्मे शब्द अनोळखी असतील, तर पाया कच्चा आहे आणि आधी दुसरा, खालचा कोर्स करायला हवा. कोर्सच्या पानावर ‘पूर्वतयारी: काही नाही’ असं लिहिलेलं असलं तरी ही तपासणी करावीच, ती ओळ जाहिरातीच्या सोयीने लिहिलेली असू शकते.

दुसरं कारण तासांचा चुकलेला हिशेब. पानावर ‘आठवड्याला ४ ते ६ तास’ असेल तर नवख्याने दीडपट धरावे. हे तास कॅलेंडरमध्ये आधीच राखून ठेवावेत आणि त्यातला मोठा वाटा असाइनमेंटला द्यावा. लोक उलटं करतात: रोज रात्री एक व्हिडिओ, आणि असाइनमेंट ‘रविवारी एकदम’. रविवारी पाच तास लागतील असं काम निघतं, दोन तासांत ते सुटत नाही, एक आठवडा मागे पडतो, मग दोन, आणि तिसऱ्या आठवड्यात लॉगिन होतच नाही.

व्हिडिओ बघून समजल्यासारखं वाटतं, ही खरी फसगत. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग इथे फार उपयोगी आहे. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के राहिलं, वाचणाऱ्यांच्या ४२. व्हिडिओ संपल्या संपल्या येणारा ‘कळलं’ हा भाव त्या पाच मिनिटांतला असतो. नोकरीच्या मुलाखतीत विचारणार ते महिन्याभराने. ऑनलाइन कोर्सेसबद्दलही केन कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एका मानसशास्त्राच्या मूकच्या नोंदींवरून दाखवलं, की सराव करण्याचा शिकण्याशी असलेला संबंध व्हिडिओ बघण्याच्या किंवा वाचण्याच्या मानाने सुमारे सहापट जास्त होता.

म्हणून एका धड्याचा क्रम असा ठेवून बघा. आधी क्विझ किंवा असाइनमेंटचा प्रश्न वाचायचा, म्हणजे काय शोधायचं ते डोक्यात राहतं. मग व्हिडिओ, सहा-सात मिनिटांच्या तुकड्यांत. एडेक्सवरच्या लाखो नोंदींच्या अभ्यासात लोकांचं लक्ष साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकलेलं दिसलं, आणि लांब व्हिडिओत ते आणखी लवकर उडालं. प्रत्येक तुकड्यानंतर स्क्रीन बंद करून कोऱ्या कागदावर मुख्य मुद्दा आपल्या शब्दांत, हवं तर आपल्या भाषेत. व्हिडिओ चालू असताना शब्दन् शब्द उतरवून घेण्यात अर्थ नाही, लिखित मजकूर बहुतेक कोर्सेसमध्ये मिळतोच. त्यानंतर असाइनमेंट. अडलात तर वीस-तीस मिनिटं स्वतः झगडा, मग चर्चेच्या जागेत शोधा. दोन दिवसांनी तोच प्रश्न वही न बघता पुन्हा.

चांगली असाइनमेंट कशी असते हे सीएस५० च्या ‘रिकव्हर’ या प्रॉब्लेमवरून कळेल. एका कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डवरचे फोटो डिलीट झाले आहेत. कार्डाची बाइट-बाय-बाइट नक्कल तुम्हाला दिली जाते आणि ५० फोटो परत मिळवायचे असतात. कार्ड ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत वाचायचं, प्रत्येक ठोकळ्याची सुरुवात जेपेगच्या, म्हणजे फोटोच्या फाइलच्या, ठरलेल्या बाइट्सनी होते का ते तपासायचं, तशी होत असेल तर आधीची फाइल बंद करून नवी उघडायची. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पहिला फोटो सापडण्याआधीचे निरुपयोगी ठोकळेसुद्धा लिहायला जाणं. मग प्रोग्रॅम न उघडलेल्या फाइलमध्ये लिहू पाहतो आणि कोसळतो. मेमरी म्हणजे काय हे त्या कोसळण्यातून जेवढं कळतं, तेवढं लेक्चरमधून कळत नाही. आणि तपासणीचं काम ‘चेक५०’ हा प्रोग्रॅम सेकंदांत करतो, त्यामुळे शिक्षक नसला तरी चूक लगेच दिसते.

मशीनला हे जमतं ते उत्तर बरोबर-चूक असं ठरवता येतं तिथे: प्रोग्रॅमिंग, गणित, अकाउंटिंगचे बरेच भाग. निबंध, डिझाइन, धोरण असल्या विषयांत तपासणी इतर विद्यार्थ्यांवर सोपवलेली असते, आणि ती बहुतेकदा कामचलाऊ असते. समोरच्याने अर्धं पान वाचून ‘छान’ लिहिलं की गुण मिळतात. अशा विषयांत फुकट कोर्सची सर्वांत मोठी उणीव हीच, आणि ती बाहेरून भरून काढावी लागते. त्या क्षेत्रातल्या एखाद्या माणसाला महिन्यातून एकदा आपलं काम दाखवता आलं, तरी पुष्कळ. ते शक्यच नसेल तर निदान तीन-चार जणांचा गट करून तोच कोर्स एकाच वेळी करावा. डेडलाइन एकमेकांना दिलेली असली की ती पाळली जाते.

असाइनमेंट चॅटबॉटकडून सोडवून घेणं आता फारच सोपं झालंय, तेव्हा त्याबद्दलही. तो उत्तर देतो आणि तुमचे ते आठ तास वाचवतो. तेच तर खर्च करायचे होते. सीएस५० ने चॅटजीपीटीसारख्या साधनांना मनाई करून स्वतःचा एक मदतनीस ठेवलाय, तो सरळ उत्तर देण्याऐवजी वाट दाखवतो. घरच्या घरी हाच नियम पाळता येतो: चूक कुठे आहे त्याचा इशारा मागायचा, दुरुस्त केलेलं उत्तर मागायचं नाही.

नोकरीत याचा किती उपयोग होतो? कोर्सेराने विद्यापीठांतल्या संशोधकांबरोबर कोर्स पूर्ण केलेल्या सुमारे ५२ हजार लोकांची पाहणी केली होती, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. करिअरसाठी कोर्स केलेल्यांपैकी ८७ टक्के म्हणाले की काही ना काही फायदा झाला. पगारवाढ, बढती, नवी नोकरी, स्वतःचा व्यवसाय असा हाताला लागणारा फायदा सांगणारे ३३ टक्के. हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: पूर्ण करणारेच मुळात थोडे, आणि फायदा त्यांनी स्वतः सांगितलेला. तरीही ८७ आणि ३३ मधलं अंतर बोलकं आहे. काम करताना आत्मविश्वास वाढणं सहज होतं; नुसत्या सर्टिफिकेटवर नवी नोकरी मिळणं कठीण.

सर्वांत चांगला उपयोग होतो तो आधीच एखाद्या क्षेत्रात काम करणाऱ्याला. हिशेब बघणाऱ्याने डेटाबेस शिकला, जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने संख्याशास्त्र शिकलं, तर नवं कौशल्य दुसऱ्या दिवशी खऱ्या कामात वापरता येतं आणि ते दिसतंही. दुसरा उपयोग खर्च टाळण्याचा. महागड्या डिग्रीत उडी मारण्याआधी त्याच विषयाचा एक खरोखरीचा कोर्स, असाइनमेंटसकट करून बघावा. सहा आठवड्यांत कंटाळा आला तर दोन वर्षं वाचली. अर्धवट सोडलेला कोर्ससुद्धा असा पूर्ण वसूल होतो. उलट, जिथे परवान्याशिवाय काम करता येत नाही अशा क्षेत्रांत, वैद्यक, नर्सिंग, वकिली, ऑनलाइन सर्टिफिकेटाने पात्रता येत नाही. ज्ञानासाठी करावा, पण त्या भरवशावर राहू नये.

क्रेडिट हवं असेल तर परीक्षा कोण आणि कशी घेतं ते बघावं. आपल्याकडच्या एनपीटेलमध्ये, म्हणजे आयआयटी आणि आयआयएससीच्या ऑनलाइन कोर्सेसच्या उपक्रमात, कोर्स आणि असाइनमेंट फुकट असतात, सर्टिफिकेटासाठी शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. अंतिम गुणांत असाइनमेंटचा वाटा २५ आणि परीक्षेचा ७५. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात, आणि पास होण्यासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे गुण लागतात. असाइनमेंट टाळून नुसती परीक्षा चांगली दिली तर म्हणून भागत नाही. स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरच्या कोर्सेसचं क्रेडिट डिग्रीत धरण्याची मुभा यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातल्या ४० टक्के विषयांपर्यंत नेली आहे, पण कुठला कोर्स कुठल्या विषयाच्या जागी चालेल ते आपलं विद्यापीठ ठरवतं. ती मान्यता कोर्स सुरू करण्याआधी लेखी घ्यावी. नंतर धावाधाव करणारे दर सत्राला दिसतात. मायक्रोमास्टर्सची, म्हणजे मास्टर्स पातळीच्या ऑनलाइन कोर्सेसच्या संचाची, वाट थोडी वेगळी आहे. एमआयटीच्या सप्लाय चेनच्या मायक्रोमास्टर्सनंतर निवड झाली, तर कॅम्पसवरची मास्टर्स डिग्री कमी काळात पूर्ण करता येते.

रेझ्युमेत बारा सर्टिफिकेटांची रांग लावू नये. तिने माणूस शिकतोय यापेक्षा भटकतोय असं वाटतं. कोर्सचं नाव, विद्यापीठ आणि प्लॅटफॉर्म दोन्ही, वर्ष, आणि त्याखाली एक ओळ: त्यातून काय बनवलं. ‘शिक्षण: हार्वर्ड’ असं लिहिणं तर थेट अंगाशी येतं, कारण मुलाखत घेणाऱ्याला तो कोर्स माहीत असतो. त्याचा पुढचा प्रश्न बहुधा हाच असतो की प्रोजेक्टमध्ये कुठे अडलात आणि ते कसं सोडवलंत. कोर्सने ठरवून दिलेला प्रोजेक्ट हजारो लोकांकडे सारखाच असतो, म्हणून शेवटी आपल्या निवडीचा डेटा किंवा प्रश्न घेऊन एक छोटं काम वेगळं करावं आणि गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर किंवा साध्या पीडीएफमध्ये ठेवावं. मात्र कोर्सच्या असाइनमेंटची उत्तरं जाहीर टाकू नयेत. बहुतेक कोर्सेसच्या नियमांत ते बसत नाही.

पैसे भरायचेच असतील तर घाई नको. एडेक्सवर सर्टिफिकेटाकडे वळण्याची शेवटची तारीख कोर्सच्या पानावर असते. त्याआधीचे आठवडे फुकट काढून, जमतंय असं दिसल्यावरच भरावेत. कोर्सेरावर अनेक कोर्सेसची वर्गणी महिन्यावर असते, म्हणजे आधी विषयाची तयारी इतरत्र फुकट साहित्यावर करून घेतली आणि मग एका महिन्यात सगळ्या असाइनमेंट उरकल्या तर खर्च बराच कमी होतो. परवडत नसेल तर तिथे आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो. उत्तर यायला दोनेक आठवडे जातात, तेव्हा अर्ज आधी करावा आणि कोर्सची तारीख त्यानंतरची धरावी.